नजमाआपा आणि माफीची बैठक

नजमाआपा चिडल्या की त्यांची मराठी सुधारायची. एरवी त्यांचं बोलणं म्हणजे बीडच्या बसस्टँडमागची गल्ली: निम्मं मराठी, निम्मं दखनी आणि वरून 'बे'ची फोडणी. 'काय बे, जेवलास का न्हाई?' हा प्रश्न त्या शिपायापासून फाटकावरच्या कुत्र्यापर्यंत सगळ्यांना सारख्याच मायेनं विचारायच्या. पण राग चढायला लागला की आधी 'बे' गळायचा, मग 'हाय'चं 'आहे' व्हायचं, मग 'तू'चं 'तुम्ही', आणि सगळ्यात शेवटी यायचं 'आपण'. 'आपण बसावं' असं आपा म्हणाल्या की समोरच्यानं ओळखायचं, आपलं आता काही खरं नाही.

टँकरच्या दिवसांत एका टँकरवाल्यानं अर्धं पाणी वाटेतच एका बागायतदाराच्या शेततळ्यात रिकामं केलं. गावात येऊन तो म्हणाला, टाकी गळतीय. आपा शांतपणे टँकरला वळसा घालून आल्या. खाली एक थेंब सांडत नव्हता. 'आपण फार थकलेले दिसता,' आपा म्हणाल्या. 'आपण खाली उतरून सावलीत बसावं. आपला दुसरा टँकर येईपर्यंत चावी मी सांभाळीन.' तो भला दांडगा मिशीवाला माणूस खरंच उतरला आणि चावी देऊन लिंबाखाली जाऊन बसला. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. त्याला शिवी दिली असती तर त्यानंही दिली असती. 'आपण'ला उत्तर काय देणार?

मी तेव्हा पाटोद्यातल्या एका सामाजिक संस्थेचं कलापथक सांभाळायचो. म्हणजे गावोगाव पथनाट्यं करायची आणि त्यात दारुडा, खाष्ट सासू, यम आणि गरज पडली तर म्हैससुद्धा व्हायचं. म्हशीची भूमिका माझी सगळ्यात गाजलेली. संस्थेत रुजू झालो त्याच दिवशी आपांनी मला बोलावून घेतलं. त्या तिथल्या सगळ्यात जुन्या कार्यकर्त्या. समाजकार्याचं शिक्षण घेतलेल्या, बायकांच्या तक्रारींचं काम पाहणाऱ्या.

'तुला लई नकला येतात म्हणं,' त्या म्हणाल्या. मी छाती फुगवली. 'मग एक ऐकून ठेव. आपल्या दारात आलेल्या बाईची नक्कल करायची न्हाई. तिच्या चालण्याची न्हाई, रडण्याची न्हाई. समजलं?' मी मान डोलावली. 'आता माझी कर,' त्या म्हणाल्या. मी केली. उभं राहून, पदर कमरेला खोचून, 'कावून बे, कावून?' असं टेबलाला विचारत. आपा हसून हसून इतक्या लाल झाल्या की शेजारच्या खोलीतून कोणीतरी पाणी घेऊन धावत आलं.

'कावून' हा त्यांचा आवडता शब्द. का, कशासाठी, कोणाच्या भल्यासाठी, हे सगळं त्या एका शब्दात बसायचं. बैठकीत कोणी मोठा ठराव मांडला की कोपऱ्यातून तो शब्द यायचा आणि ठरावातली हवा निघून जायची.

पाटोद्याच्या आठवडी बाजारात त्यांच्याबरोबर फिरणं हा एक अनुभव होता. आदल्याच दिवशी ऑफिसात तासभर त्यांच्यासमोर बसून रडलेली बाई मिरच्यांच्या ढिगापाशी उभी असायची आणि आपा तिच्याकडे न बघता, खांद्याला खांदा लागेल इतक्या जवळून निघून जायच्या. मला वाटायचं, नजर अधू झाली असावी. एकदा विचारलं तर म्हणाल्या, 'ती नवऱ्यासंगं हाय. तो घरी जाऊन इचारल, ही बाई तुला कशी वळखती? मग तिनं काय सांगायचं? ओळख द्यायची का न्हाई, ते तिनं ठरवायचं. तिनं दिली तर आपण हसायचं. न्हाई दिली तर आपण दगड.' त्यापुढं त्यांनी जे सांगितलं ते मी आजवर अनेकांना ऐकवलं आहे. 'बाई आपल्याकडं बोलती ती भरवशावर न्हाई, नाइलाजावर. लोक त्यालाच भरवसा समजून फुगतात.'

याच्या बरोबर उलटा माणूस म्हणजे आमचे विलासदादा. त्यांना बाजारात दहा पावलं चालायला अर्धा तास लागायचा. प्रत्येकाला मिठी, प्रत्येकीला 'काय ताई, मिटलं का घरातलं?' अशी भर चौकात चौकशी. माणूस कामसू होता, हे सांगितलं पाहिजे. दुष्काळात मोडक्या मोटरसायकलवर वाड्यावस्त्या पालथ्या घातल्या त्यांनी, छावणीत जनावरांशेजारी झोपले. वक्ता तर असा की ऐकणाऱ्याच्या घशाला कोरड पडून डोळ्याला पाणी यायचं. संस्थेचे संचालक मुळेसर म्हणायचे, विलास म्हणजे आपला चेहरा. आपा म्हणायच्या, 'चेहरा हाय, ठीक हाय. पण त्या चेहऱ्याला तोंड लई हाय.'

आता खरी गोष्ट. ही सांगताना मी आजही उठून फेऱ्या मारायला लागतो.

त्या वर्षी लागोपाठ दुसरा पाऊस चुकला होता. विहिरींच्या तळाला भेगा पडल्या होत्या. अशा वर्षात आमच्याकडे दोन गोष्टी वाढतात: चारा छावण्या आणि लहान पोरींची लग्नं. एक खाणारं तोंड कमी, आणि पुढच्या हंगामाला ऊसतोडीला जायला जावयाच्या घरी एक कोयता जास्त. असा हिशेब घरातले पुरुष ओसरीवर बसून करतात आणि त्याला काळजी म्हणतात.

आमच्या छावणीत जनावरं घेऊन राहिलेली एक बाई आपांकडे आली. तिचं नाव सत्यभामा, असं धरून चला. खरं नाव सांगत नाही, गावही सांगत नाही. लिहिण्याआधी मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, 'आपांचं लिवा. माझं लागंल तेवढंच घ्या.' तेवढंच घेतो. तिच्या चौदा वर्षांच्या पोरीचं, रेणूचं, लग्न नवऱ्यानं आणि दिरांनी ठरवलं होतं. सत्यभामेला ते थांबवायचं होतं. अट एकच: तिनं सांगितलं हे कोणाला कळता कामा नये. संस्थेच्या आढाव्यात प्रत्येक काम मांडावं लागायचं, म्हणून आम्हा सहकाऱ्यांना तेवढं ठाऊक होतं.

आपांनी ते काम कसं केलं, ते पाहण्यासारखं होतं. त्या स्वतः तिच्या गावाकडे फिरकल्यासुद्धा नाहीत. ग्रामसेवकाला गाठून त्यांनी त्याला आसपासच्या सगळ्या गावांत एकदम चौकशीला लावलं, जणू वरूनच आदेश आला आहे. लग्न ठरलेल्या प्रत्येक घरी तो गेला, शाळेचे दाखले मागितले, कायदा वाचून दाखवला. त्यात रेणूचंही घर आलं. दिरांनी सरकारला शिव्या घातल्या, वरपक्षानं हात वर केले, लग्न थांबलं. घरात कोणाच्या मनात शंकासुद्धा आली नाही. सत्यभामा रोज शेण काढत होती, म्हशीला पाणी पाजत होती, दिरांच्या शिव्या खाली मान घालून ऐकत होती. आपल्या पोरीला वाचवून बाई किती गप्प राहू शकते, ते तिच्याकडे बघून कळायचं.

आणि मग छावणीतला चारा संपत आला. साखर कारखान्याच्या चेअरमनसाहेबांनी मनावर घेतलं तर उसाच्या वाढ्याच्या, म्हणजे हिरव्या शेंड्यांच्या चाऱ्याच्या, गाड्या सुरू होणार होत्या. त्यांना छावणीवर बोलावलं. मुरमाड माळावर मांडव, स्वागताचे फलक, दूध सोसायटीच्या बायका एका बाजूला, जनावरांचे मालक दुसऱ्या बाजूला. आपा त्या दिवशी एका कामाला नांदूरघाटला गेल्या होत्या. आमचं पथनाट्य नुकतंच संपलं होतं. मी यमाच्या वेशात, काळ्या मिशा आणि सोनेरी मुकुटासह मांडवाच्या खांबाला टेकून उभा होतो.

विलासदादा बोलायला उठले. ते चाऱ्यावर बोलले, पाण्यावर बोलले. चेअरमनसाहेब घड्याळाकडे बघत होते. तेव्हा दादांचा आवाज खाली आला. मला तो आवाज माहीत होता. हुकमी रडू आणायचं असलं की तो तसा खाली यायचा. 'साहेब,' ते म्हणाले, 'दुष्काळ फक्त जनावरं खात नाही, लेकी खातो. पण याच मांडवात एक आई बसलीय. घरच्यांच्या विरोधात जाऊन तिनं आमच्याकडं धाव घेतली, स्वतःच्या लेकीचं लग्न मोडलं. अशा वाघिणीच्या म्हशीला आपण उपाशी ठेवणार का?' चेअरमनसाहेबांनी घड्याळावरची नजर काढली. एवढ्यावर थांबले असते तरी बायकांनी अंदाज बांधलाच असता. पण दादांना थांबता येत नव्हतं. त्यांनी तिला नावानं हाक मारली. ती उठली नाही. तिनं पदर नाकापर्यंत ओढला. मग दादा स्वतः खाली उतरले, तिला हाताला धरून वर घेऊन आले आणि चेअरमनसाहेबांच्या हस्ते तिला शाल नि नारळ दिला. टाळ्यांचा कडकडाट. फोटो. मांडवाच्या मागच्या टोकाला तिचा नवरा आणि दोन दीर उभे होते. टाळ्या वाजवत नसलेले तेवढेच तिघं. आणि मी.

वाढ्याच्या गाड्या जागेवर मंजूर झाल्या.

मी मिशा न काढताच गाडीला किक मारली आणि नांदूरघाटची वाट धरली. रस्त्यात लोक यमाला बघून बाजूला होत होते, आणि दुसरा कुठला दिवस असता तर मी त्याची मजा लुटली असती. आपांनी सगळं ऐकून घेतलं. विलासदादांबद्दल एक शब्द काढला नाही. एवढंच म्हणाल्या, 'पोरगी कुठं आहे?'

'आहे' म्हणाल्या. मी चरकलो.

आम्ही पोचलो तेव्हा उशीर झाला होता. घराला कुलूप. रेणूला जीपमध्ये घालून जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला मावळणीकडे, म्हणजे आत्याकडे, पाठवलं होतं. तिथंच आठवड्याच्या आत, कुठल्याशा मळ्यात, त्याच मुलाशी तिचं लग्न लागलं. सत्यभामा छावणीत म्हशीपाशी बसली होती. दीर सांगून गेले होते, आता शाल पांघरून हितंच ऱ्हा. तिच्या ओठाला जखम होती. ती लागली कशी, ते आपांनी विचारलं नाही. शेजारी बसल्या आणि बसून राहिल्या.

पुढच्या शनिवारी विलासदादांच्या वर्तनावर बैठक बसली.

आमच्या बैठकीची एक रीत होती. खुर्च्या नाहीत, सतरंजीवर गोल करून बसायचं, म्हणजे कोणी मोठा नाही, कोणी लहान नाही. आणि सुरुवात गाण्यानं. त्या दिवशीही गाणं झालं. एका पोरीचं आयुष्य मातीत गेलं होतं आणि आम्ही पहाट कशी उगवणार आहे ते टाळ्यांच्या ठेक्यावर सुरात गात होतो. आपा गायल्या नाहीत. मीही नुसते ओठ हलवले. कलावंत असल्यामुळे मला ते जमतं.

मग दादा बोलले. चूक झाली, भावनेच्या भरात झाली, डोळ्यांसमोर उपाशी जनावरं होती. बोलता बोलता त्यांना हुंदका आला. तो खरा होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आणि त्या हुंदक्यासरशी खोलीतली हवा बदलली. कोणी पाणी आणलं. समुपदेशनाचं काम करणाऱ्या नलिनीताई सरकून जवळ बसल्या, त्यांचा हात हातात घेतला आणि मऊ आवाजात विचारू लागल्या, 'त्या क्षणी तुमच्या मनात काय चाललं होतं, दादा? मोकळे व्हा.' मुळेसर म्हणाले, आपण इथं कोणाचा निवाडा करायला बसलो नाही. कोणी म्हणालं, स्वतःला दोष देऊ नका. कोणी म्हणालं, केवढं ओझं घेऊन फिरताय. मानांची डोलावणी सुरू झाली, मध्ये मध्ये 'हं, हं' आलं, शांततेला जागा देणं आलं. आम्हाला प्रशिक्षणात जे जे शिकवलं होतं, ते सगळं त्या सतरंजीवर हजर झालं.

इथं मला जो राग येतो तो साधा नाही. वकील वकिलाला झाकतो, पुढारी पुढाऱ्याला झाकतो, तेव्हा आपण झाकतोय हे निदान त्यांना माहीत असतं. आम्हाला तेही माहीत नव्हतं. आम्ही त्याला आमचं उत्तम काम समजत होतो. वर्षानुवर्षं पीडितांना जे देण्याचा सराव केला होता, ते सगळं आम्ही त्या दिवशी चुकीच्या माणसाला दिलं, आणि देताना आमचे डोळे भरून आले. त्या सगळ्या वेळात रेणूचं नाव कोणी उच्चारलं नाही. चारा मात्र तीनदा निघाला. एवढी जनावरं जगली, हे विसरून चालणार नाही, असं.

'आपण सगळे फार छान ऐकता,' आपा म्हणाल्या.

आपांनी दोन गोष्टी मागितल्या. दादांनी यापुढे बायकांच्या कुठल्याही कामात पडू नये. आणि संस्थेनं रेणूसाठी पोलिसांत तक्रार द्यावी, कारण लग्न झालं असलं तरी पोर अजून चौदाचीच आहे आणि कायदा अजून मेलेला नाही. मुळेसरांनी घसा साफ केला. वरपक्ष चेअरमनसाहेबांच्या जवळचा होता. तक्रार दिली तर गाड्या थांबतील, छावणी उठेल. शिवाय विलासला असं वेगळं काढलं तर तो खचेल.

'कावून?' आपांनी विचारलं. रागात असूनही तो शब्द तसाच आला. 'आपण त्यांना केस समजून बसला आहात. केस ती आहे. ती इथं नाही.'

मतदान झालं. तक्रारीच्या बाजूनं दोनच हात वर झाले, आपांचा आणि माझा. माझ्या हाताचं फार कौतुक करू नका. मी आपांच्या शेजारी बसलो होतो आणि त्यांनी माझ्याकडे बघून 'आपलं काय मत आहे?' असं विचारलं होतं.

ठरलं काय, तर समेट. नवरा-बायकोच्या भांडणात आम्ही जसा घडवायचो, तसाच. सत्यभामेला ऑफिसात बोलवायचं, दादांनी मनापासून माफी मागायची, आणि संस्थेतर्फे तिला एक शिलाई मशीन. शिलाई मशीन ही आमच्या कामातली मोठी अजब वस्तू आहे. नवऱ्यानं टाकलं, मशीन. घर जळालं, मशीन. लेक गेली, मशीन. सत्यभामेला शिवता येत होतं का, ते कोणी विचारलं नाही. तिला म्हशींचं कळायचं.

ती आली. भावाच्या घरी राहत होती तेव्हा. भावजयीचं लुगडं नेसून आली होती, ते तिला आखूड होत होतं. गोलात तिला मधोमध बसवलं. दादांनी बोलायला सुरुवात केली आणि दोन वाक्यांत त्यांचा बांध फुटला. ते सरकत पुढं आले आणि त्यांनी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. एवढा मोठा माणूस, गावोगाव नावाजलेला, हमसून हमसून रडत होता. बाई घाबरली. तिनं पाय पोटाशी ओढून घेतले. मग जन्मभर जे करत आली तेच तिनं केलं. पदराचं टोक पुढं करून ती म्हणाली, 'रडू नका दादा. तुमी काय मुद्दाम केलं का? रडू नका.'

खोलीत हुंदके. नलिनीताईंनी डोळे टिपले. मुळेसर म्हणाले, हीच खरी शक्ती आहे आपल्या बायकांची. चहा आला.

आपा उठून उभ्या राहिल्या. मी त्यांना इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. आवाज मात्र अगदी खाली होता आणि मराठी पुस्तकातली. 'लेक यांची गेली,' त्या म्हणाल्या, 'आणि डोळेही यांनीच पुसले. आपण सगळे धन्य आहात. आपली माफी झाली, आपलं रडणं झालं. आपण चहा घ्यावा.' मग त्या सत्यभामेसमोर जमिनीवर बसल्या आणि एकदम जुन्या आवाजात, त्या बसस्टँडमागच्या आवाजात म्हणाल्या, 'तुला काय पायजे गं?'

बाईनं हातातला कप खाली ठेवला. तिला हे कोणी विचारलंच नव्हतं. मांडवात नाही, गोलात नाही.

'माझी पोरगी,' ती म्हणाली.

'चल,' आपा म्हणाल्या.

मुळेसर दारापर्यंत मागं आले. आपा, संस्थेच्या वतीनं जाता येणार नाही, असं म्हणाले. आपांनी सांगितलं की आई स्वतः जाते आहे, तिला संस्थेची गरज नाही. मी गाडी काढली. पोलीस ठाण्यात साहेब नव्हते, मग होते पण जेवायला गेले होते, मग आले तर म्हणाले, आपसात मिटवा. आपांनी त्यांना 'आपण' म्हणायला सुरुवात केली. संध्याकाळी तक्रार लिहून झाली. तक्रारीवर नाव सत्यभामेचं, तिच्याच तोंडून सांगितलेलं, तिनंच ठरवून दिलेलं. अंगठा उठवताना तिनं विचारलं, हे आता सगळ्यांना कळंल का? आपा म्हणाल्या, 'व्हय. पण आता तू सांगितलं म्हणून कळंल.'

रेणू परत यायला वेळ लागला. पोलिसांच्या खेपा, बालकल्याण समितीच्या तारखा, मावळणीच्या शिव्या. पण परत आली. आधी वसतिगृहात राहिली, शिकली. आता काय करते, कुठं असते, ते मी सांगणार नाही. आणि चेअरमनसाहेबांनी गाड्या थांबवल्या का? एक दिवसही नाही. छावणीच्या फाटकावर त्यांचा हात जोडलेला फोटो लागला होता आणि निवडणूक तोंडावर होती. आम्ही ज्या भीतीपायी एका पोरीला सोडून द्यायला बसलो होतो, ती भीती मुळातच पोकळ होती. चेअरमनसाहेबांना कोणी साधं विचारलंसुद्धा नव्हतं. यावर मला कधी कधी हसू येतं, आणि ते हसू काही चांगलं नसतं.

वर्तनाबद्दल कारवाई मात्र झाली. आपांवर. संघभावना बिघडवली आणि सहकाऱ्याशी असंवेदनशील वागल्या, असा ठपका आला. खुलासा मागितला गेला. आपांनी खुलासा दिला नाही, राजीनामा दिला, आणि जाताना फाटकावरच्या कुत्र्याला बिस्किटाचा अख्खा पुडा घातला. विलासदादांना बदल म्हणून प्रशिक्षण विभागात घेतलं. आता ते राज्यभर फिरतात. विषय: समाजकार्यातील गोपनीयता. खोटं सांगत नाही. 'माझ्या हातून एकदा एक चूक झाली' अशी सुरुवात करून ते सगळा प्रसंग रंगवतात. बाईचं नाव बदलतात. गावाचं बदलायला विसरतात. ऐकणारे म्हणतात, केवढा प्रामाणिक माणूस.

आपा बीडला वडिलांच्या फळांच्या गाळ्यावर जाऊन बसल्या. पुढं सीताफळं, पपया, केळी, आणि मागं पोत्याच्या पडद्याआड दोन स्टुलं. बायका पिशवी घेऊन यायच्या, केळी घासाघीस करून घ्यायच्या आणि पडद्याआड जाऊन बोलायच्या. बाहेर उभ्या नवऱ्याला वाटायचं, फळवाली लई वेळ लावतीय. मला तो गाळा म्हणजे रंगभूमीवरची सगळ्यात सुंदर युक्ती वाटायची. मी एकदा तसं म्हणालो तर आपा म्हणाल्या, 'युक्ती न्हाई बे. हितं कोणी गाणं म्हणत न्हाई, एवढंच.' शेवटपर्यंत त्या तिथंच बसल्या. किडनी गेली, आठवड्यातून दोनदा डायलिसिसच्या मशीनवर जाऊन यायच्या आणि परत येऊन पपयांवर पाणी मारायच्या. एका उन्हाळ्यात गेल्या.

शोकसभा पाटोद्यात झाली, संस्थेच्याच पत्र्याच्या सभागृहात. मेलेल्या माणसावर संस्थांचा राग राहत नाही. मुळेसर बोलले, नलिनीताई बोलल्या. बायका मात्र अशा आल्या होत्या की दारातून आत जागा नव्हती. कुठून कुठून आल्या होत्या, कोणाला ठाऊक. त्यांच्यात मधे कुठंतरी सत्यभामा बसली होती. ध्वनिक्षेपकाचं काम मला दिलं होतं.

शेवटी विलासदादा उठले. केस पांढरे झाले आहेत, आवाज तसाच आहे. आपा माझ्या गुरू होत्या, म्हणाले. त्यांनी मला माझी चूक दाखवली, म्हणाले. मग आवाज खाली आला. 'दुष्काळाचं वर्ष होतं,' त्यांनी सुरुवात केली. 'एका गावात एक माता...' आणि गावाचं नाव त्यांच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. सत्यभामेनं पदर ओढला.

मी वायर उपटली.

दादा थोडा वेळ तसेच बोलत राहिले, मग थांबले. लाइट गेली वाटतं, म्हणाले. डोक्यावर पंखे फिरत होते, ट्यूब जळत होत्या. त्यांनी वर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. वायर माझ्या हातात होती आणि ती लपवायची मला काही गरज वाटली नाही. मुळेसर हळूच म्हणाले, अरे, जोड ना. मी म्हणालो, नाही जोडत. इतकं साधं वाक्य मी आयुष्यात कुठल्याही नाटकात म्हटलं नव्हतं.

तेवढ्यात बायकांमधून सत्यभामा उठली. माणसं बाजूला करत पुढं आली, आपांच्या फोटोपाशी उभी राहिली आणि आमच्याकडे तोंड करून म्हणाली, 'मी आपांकडं गेलते. मी बोलले. त्यांनी ऐकलं.' आणि ती जागेवर जाऊन बसली. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.